टर्बो समजून घेताना (भाग ७) : पहिला रुपया कुठे घालायचा?

चाकणच्या कारखान्यातून शेवटची फोक्सवॅगन पोलो २०२२ साली बाहेर पडली. तेव्हा घेतलेल्या गाड्यांची वॉरंटी संपली आहे किंवा संपत आली आहे, आणि मालक मात्र गाडी विकायला तयार नाही. कधी तरी त्याच्या मनात येतंच: एक लिटरचं टीएसआय इंजिन आहे, टर्बो आहे, अजून थोडं पिकअप काढता येईल का? गॅरेजवाला ‘येईल की’ म्हणतो आणि यादी हातात देतो. कोन फिल्टर, मोठा एक्झॉस्ट, मोठा इंटरकूलर, ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, रीमॅप. या यादीत बहुतेक वेळा तीच वस्तू सगळ्यात वर असते, जिच्यात दुकानाला जास्त सुटतं.

टर्बाइन, वेस्टगेट, लॅग हे सगळं मागच्या भागांत झालं. महाबळेश्वरच्या उंचीवर टर्बोची गाडी का दमत नाही, तेही पाहिलं. आज फक्त पैशाचं बोलू.

आधी कंपनीचे आकडे नीट वाचायला हवेत, कारण खर्चाची दिशा त्यांतच लिहिलेली आहे. पोलोच्या या इंजिनाची ताकद ११० पीएस, टॉर्क १७५ न्यूटन मीटर. हा टॉर्क सुमारे १७५० आरपीएमला येतो आणि ४००० पर्यंत सपाट राहतो. पीएस काढायचं सूत्र सोपं आहे: टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७०२४. त्याप्रमाणे ४००० आरपीएमला गाडी जवळजवळ १०० पीएस देते. पण ११० पीएस कंपनी ५००० आरपीएमला सांगते, म्हणजे तिथे टॉर्क १५५च्या आसपास उतरलेला असतो. मधला पट्टा सपाट कापलेला आणि वरचा भाग उतरता, असा हा आलेख. वरचा उतार टर्बोच्या छोट्या आकारामुळे आहे. तिथे त्याचा श्वास पुरत नाही. मधलं पठार मात्र सॉफ्टवेअरने आखलेलं आहे. टर्बो तिथे आणखी हवा देऊ शकतो, इंजिनाचा संगणक म्हणजे ईसीयू त्याला देऊ देत नाही.

म्हणून मधल्या पट्ट्यातला टॉर्क स्वस्त आणि वरच्या टोकाचे पीएस महाग. वरचं टोक हवं असेल तर मोठा टर्बो, त्याला पुरेल एवढं इंधन, नवा मॅप असा खर्च वाढत जातो आणि बदल्यात लॅग वाढतो. खंबाटकी घाटाच्या चढावर ट्रकला ओलांडताना पाय ज्या आरपीएमवर असतो तो २००० ते ४०००चा पट्टा आहे. रोजच्या गाडीसाठी तिथेच थांबावं, असं माझं मत आहे.

ईसीयूला कंपनी एवढं आवरून का ठेवते? एकाच इंजिनाला अनेक देशांत, अनेक प्रकारच्या पेट्रोलवर, दुर्लक्ष करणाऱ्या मालकाच्या हातात वर्षानुवर्षं चालावं लागतं. शिवाय बाजाराच्या गणितासाठी एकाच इंजिनाच्या कमी-जास्त ताकदीच्या आवृत्त्या ठेवाव्या लागतात. युरोपात हेच एक लिटरचं टीएसआय ९५, ११० आणि ११५ पीएसमध्ये विकलं गेलं. मारुतीच्या बलेनो आरएसमधलं एक लिटरचं बूस्टरजेट भारतात १०२ पीएसचं होतं, युरोपात सुझुकीने तेच १११चं दिलं. ईसीयूमधले तक्ते नव्याने लिहून हे राखून ठेवलेलं अंतर वापरायचं म्हणजे रीमॅप. चांगला ट्यूनर पोलोच्या इंजिनातून साधारण १३० ते १४० पीएस निघतात असं सांगतो, आणि टॉर्क २००च्या वर जातो. खर्च ढोबळमानाने तीस-चाळीस हजारांच्या घरात. पस्तीस हजारांत पंचवीस पीएस धरले तर एका पीएसला चौदाशे रुपये पडतात. या भावात ताकद देणारी दुसरी वस्तू यादीत नाही.

याहून स्वस्त ‘ट्यूनिंग बॉक्स’ही मिळतात. बूस्टचा दाब मोजणारा सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये असा बॉक्स बसतो आणि दाब आहे त्यापेक्षा कमी असल्याची खोटी खबर देतो. ईसीयू बिचारा बूस्ट वाढवतो. पण ठिणगी किती आधी पडावी, इंधन किती जावं, याचे तक्ते जुनेच राहतात. गाडी पळते हे खरं. पण जो ईसीयूलाच खोटं ऐकवतो त्याच्या भरवशावर मी इंजिन सोडणार नाही.

बूस्ट वाढवण्यात खरी अडचण हवा मिळण्याची नाही, उष्णतेची आहे. हवा दाबली की तापते. बाहेर ३५ अंश असताना ०.८ बार बूस्ट दिला आणि कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर हवा टर्बोतून सुमारे ११५ अंशांवर बाहेर पडते. तोच बूस्ट १.२ बार केला तर जवळपास १४५ अंशांवर. दाब २२ टक्क्यांनी वाढला. पण तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे ती थंड केली नाही तर सिलिंडरमध्ये हवा जेमतेम १३ टक्के जास्त जाते. शिवाय ती इतकी गरम की मिश्रण ठिणगीनंतर भलतीकडेच पेट घेतं. इंजिन ‘ठोकतं’ ते हेच. नॉक सेन्सरला ते ऐकू आलं की ईसीयू ठिणगी उशिरा पाडायला लागतो आणि पैसे देऊन घेतलेली ताकद गुपचूप परत घेतो.

अमेरिकेत हे १९६२ सालीच कळून चुकलं होतं. टर्बो बसवून विकल्या गेलेल्या पहिल्या मोटारींपैकी एक म्हणजे ओल्ड्समोबिल जेटफायर. साडेतीन लिटरचं अॅल्युमिनियमचं व्ही-८, ताकद २१५ हॉर्सपॉवर, कॉम्प्रेशन १०.२५. एवढ्या कॉम्प्रेशनवर टर्बो लावला की ठोकणार, हे इंजिनिअरांना माहीत होतं, म्हणून त्यांनी डिस्टिल्ड वॉटर आणि मिथेनॉल यांचं मिश्रण हवेबरोबर फवारायची सोय केली. त्याला नाव दिलं ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’. टाकी रिकामी झाली की बूस्ट आपोआप कमी व्हायचा. मालक टाकी भरायला विसरायचे आणि गाडी ओढत नाही म्हणून तक्रार करायचे. शेवटी कंपनीनेच टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायला सुरुवात केली. त्या फ्लुइडचं काम आज दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर आणि चांगलं पेट्रोल करतं, आणि विसरण्याची सवय अजून तीच आहे. ९५ ऑक्टेनवर केलेला मॅप घालून घ्यायचा आणि तालुक्याच्या पंपावर जे मिळेल ते भरायचं, हे जेटफायरच्या मालकापेक्षा वेगळं नाही. इंडियन ऑइलचं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल, एक्सपी १००, डिसेंबर २०२० मध्ये मुंबई-पुण्यासह मोजक्या शहरांत आलं. गाडी कोल्हापूर-लातूरकडे फिरणारी असेल तर त्याच्या भरवशावर मॅप करून घेण्यात अर्थ नाही. ट्यूनरला आपण रोज कुठलं पेट्रोल भरतो ते खरं सांगावं आणि त्याच पेट्रोलवर मॅप मागावा.

मग मोठा इंटरकूलर घ्यावा का? आधी लॉग बघावा. ओबीडी पोर्टला लावायचा साधा स्कॅनर हजार-दोन हजारांत येतो; फोनवर इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान दिसतं. घाटात दोन-तीनदा पूर्ण रेस देऊन आकडा बाहेरच्या तापमानापेक्षा पंधरा-वीस अंशांनीच वर राहत असेल, तर इंटरकूलर पुरेसा आहे, पैसे वाचले. चाळीस-पन्नासने वर जाऊन तिथेच बसत असेल तर इंटरकूलर कमी पडतोय. दर दहा अंशांमागे हवेची घनता सुमारे तीन टक्क्यांनी बदलते, हे लक्षात ठेवलं की मोठा इंटरकूलर किती देईल याचा अंदाज घरीच करता येतो. नागपूरच्या मे महिन्यात तो बरंच काही देईल, लोणावळ्याच्या पावसाळ्यात फार थोडं. आपल्या गाडीचा इंटरकूलर हवेने थंड होणारा आहे की पाण्याने, हेही आधी पाहा. पाण्याच्या व्यवस्थेत नुसता मोठा डबा बसवून भागत नाही.

फिल्टरबद्दल थोडक्यात. कंपनीचा पॅनेल फिल्टर स्वच्छ असेल तर एवढ्या ताकदीपर्यंत तो कुणाला अडवत नाही. बोनेटच्या आत उघडा कोन बसवला की इंजिनाला रेडिएटरमागची गरम हवा मिळते आणि आपल्याला टर्बोचा सुस्कारा ऐकू येतो. आवाजासाठी पैसे द्यायचे असतील तर जरूर द्यावेत, फक्त ते ताकदीच्या खात्यात लिहू नयेत. ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचंही तेच.

एक्झॉस्टचं प्रकरण मात्र वेगळं आहे, तिथे तथ्य आहे. टर्बाइनच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबात जितका फरक, तितकी ती जोरात फिरते. त्यामुळे टर्बोनंतरचा मार्ग मोकळा केला की बूस्ट लवकर येतो. मोठा अडथळा टर्बोला लागून असलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये असतो आणि नेमका तोच काढता येत नाही. काढला की डॅशबोर्डवर चेक लाइट, पीयूसीचा प्रश्न आणि बाकीच्यांच्या फुप्फुसात धूर. तो ठेवून फक्त मागचा सायलेन्सर बदलला तर हाती जवळजवळ काहीच लागत नाही. पोलिसांनी रस्त्यावर मांडून रोलरखाली चिरडलेल्या बुलेटच्या सायलेन्सरांचे फोटो दरवर्षी पेपरात येतात. त्यांच्याही मालकांना कुणीतरी ‘पॉवर वाढते’ असंच सांगितलेलं असणार.

पण खरं तर पहिला रुपया रीमॅपवरही घालायचा नाही. चार-पाच वर्षांच्या गाडीत टर्बो ते इंजिन या पाइपांत कुठेतरी होज सैल झालेला असू शकतो, क्लँपमधून हवा गळत असू शकते. पाइपांत धूर सोडून गळती शोधणारी स्मोक टेस्ट करून घ्यावी. स्पार्क प्लग बदलावेत; बूस्ट वाढला की दाट हवेतून ठिणगी उडी मारायला जास्त कष्ट पडतात, आणि झिजलेला प्लग आधी तिथेच दगा देतो. टीएसआयमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवरची काजळी धुऊन काढायला तिथे पेट्रोल पोचतच नाही. बरेच किलोमीटर झालेल्या गाडीत ती साफ केल्यावर हरवलेले काही पीएस परत येतात. हे सगळं झाल्यावर डायनोवर एकदा गाडी चढवावी. डायनो चाकांवरची ताकद मोजतो, ती इंजिनाच्या आकड्यापेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी कमी दिसते, घाबरू नये. रीमॅपनंतर पुन्हा तोच डायनो, जमल्यास तोच दिवस. दोन वेगळ्या ठिकाणचे आकडे एकमेकांना लावून बघण्यात हशील नाही.

कायद्याची बाजू टाळून चालणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात ते स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आणली. रीमॅप डोळ्यांना दिसत नाही म्हणून तो या चौकटीबाहेर आहे असं कुणी समजू नये. विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेयरने ईसीयू वाचायला घेतला, तर रीमॅपला घातलेले पस्तीस हजार आठवणारही नाहीत.

आता उरला गिअरबॉक्स. सगळ्यात महाग बिल इथून येतं आणि यादीत त्याचं नाव कधीच नसतं. फोक्सवॅगनच्या मॅन्युअल गिअरबॉक्सच्या ‘एमक्यू २००’ या नावातले २०० म्हणजे त्याच्या टॉर्कचा गट. मॅप २२० न्यूटन मीटर देत असेल तर आपण ती रेषा ओलांडतोय. कंपन्या थोडी सूट ठेवतात, पण ती किती खायची हे मॅपमध्येच ठरवता येतं. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये आणि २००० आरपीएमच्या खाली टॉर्क थोडा आवरून ठेवायला ट्यूनरला सांगावं. जो ‘फुल देतो साहेब’ म्हणतो त्याच्याकडे जाऊ नये. फोक्सवॅगनचा सात गिअरचा ड्राय क्लच ऑटोमॅटिक (डीएसजी), डीक्यू २००, याची मर्यादा २५० न्यूटन मीटर आहे. फोक्सवॅगन व्हर्टसचं दीड लिटरचं इंजिन कारखान्यातूनच नेमकं २५० घेऊन येतं. त्या जोडीला हात लावण्यापूर्वी दहादा विचार करावा.

कमी आरपीएमला टॉर्क आवरायला आणखी एक कारण आहे. थेट फवारणीच्या टर्बो इंजिनात सहाव्या गिअरमध्ये १५०० आरपीएमला पाय पूर्ण दाबला तर ठिणगीच्या बऱ्याच आधी मिश्रण पेटण्याची एक घातक सवय असते. नॉक सेन्सर त्यापासून वाचवू शकत नाही आणि पिस्टनचा तुकडा एका झटक्यात उडू शकतो. २०१८च्या एसएन प्लस आणि २०२०च्या एसपी दर्जाच्या ऑइलची चाचणीच या दोषासाठी होते. रीमॅप केलेल्या गाडीत त्याखालचं ऑइल घालू नये आणि चढावर गिअर उतरवायचा आळस करू नये.

राहिला क्लच. चौथ्या गिअरमध्ये चढावर पूर्ण रेस द्या. आरपीएम भराभर चढले आणि स्पीडोमीटरचा काटा मागे रेंगाळला तर प्लेट घसरतेय. चाळीस-पन्नास हजार किलोमीटर शहरात फिरलेली मूळ प्लेट वाढलेल्या टॉर्कखाली हेच करते. मजुरीसह पंचवीस-तीस हजार लागतील असं धरून चाला आणि ते रीमॅपच्या खर्चातच मिळवा. पस्तीस अधिक तीस, पासष्ट हजारांत पंचवीस पीएस. एका पीएसला सव्वीसशे. टर्बोला लागून असलेल्या डाऊनपाइपसकट एक्झॉस्ट लावून मिळणारे पीएस तरीही याहून महाग पडतात.