हिब्रू, मराठी व अहिराणीतील नामसंयोग

दोन नामे एकत्र आली असता त्यांच्यातील संबंधाची खूण कोणत्या नामावर उमटते, हा प्रश्न समास शिकविताना क्वचितच उपस्थित होतो. आधुनिक हिब्रूत 'बाइत' म्हणजे घर व 'सेफेर' म्हणजे पुस्तक. यांचा संयोग 'बेत सेफेर', अर्थात शाळा. येथे रूप बदलले ते मुख्य पदाचे, आणि ते प्रथम येते. अनेकवचनही त्याचेच होते : 'बाते सेफेर'. निश्चितता दर्शविणारा 'हा' मात्र दुसऱ्या पदास लागतो : 'बेत हा-सेफेर'. सर्वच नामांचे रूप असे बदलते असे नाही. पदक्रम मात्र हाच राहतो.

मराठीत याच्या उलट घडते. 'जिल्ह्याचा अधिकारी' यात सामान्यरूप होते ते गौण पदाचे आणि मुख्य पद शेवटी येते. समास होताच तो बदलही लोपतो : 'जिल्हाधिकारी'. ('घोडेस्वार' मात्र या नियमास जुमानत नाही.)

जळगाव-धुळे परिसरातील अहिराणी येथे विशेष लक्षणीय ठरते. 'गावाचा', 'घराचा' यांऐवजी तीत 'गावना', 'घरना' अशी रूपे येतात. प्रत्यय लागतो, परंतु नामास आकारान्त सामान्यरूप होत नाही. अहिराणी घरातील विद्यार्थी प्रमाण मराठीत सामान्यरूप गाळतो, तेव्हा त्यामागे निष्काळजीपणाऐवजी घरच्या बोलीचा नियम असू शकतो. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, प्रमाण मराठीतील 'घरचा', 'गावचा' ही रूपेदेखील सामान्यरूपावाचूनच सिद्ध झालेली आहेत.