नव्या भांड्यांची बुडी

बालमित्रांनो, घरात नवीन पातेलं आलं की काय करतात? दुकानातच त्यावर नाव घालून घेतात, घरी आणून स्वच्छ घासतात आणि मग ते मांडणीवर चढतं. धर्माचे नियम काटेकोरपणे पाळणाऱ्या यहुदी घरांत मात्र मध्ये आणखी एक पायरी असते. पातेलं वापरण्याआधी त्याला पाण्यात पूर्ण बुडी द्यायची! हिब्रू भाषेत या विधीला ‘तेविलत केलीम’, म्हणजे भांड्यांची बुडी, असं म्हणतात.

यहुदी म्हणजे कोणी फार दूरचे लोक नव्हेत बरं का! आपल्या कोकणातले बेने इस्राएल यहुदीच. ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, तो बंद ठेवत. म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. घरात ते मराठीच बोलत.

आता बुडीकडे वळू. या नियमाचं मूळ ‘तोरा’ या धर्मग्रंथातल्या ‘गणना’ नावाच्या भागात आहे. मिद्यानी लोकांशी लढाई झाली आणि त्यांची भांडी हाती आली. तेव्हा एलाजार या याजकाने ती कशी शुद्ध करायची ते सांगितलं. तिथे सहा धातूंची नावं आहेत : सोनं, चांदी, तांबं, लोखंड, कथील आणि शिसं. पुढे ‘तालमूद’ या ग्रंथातल्या पंडितांनी त्यात काचेची भर घातली. का, सांगा पाहू? धातूचं भांडं मोडलं तर वितळवून पुन्हा घडवता येतं. काचेचंही तसंच! लाकडाच्या आणि साध्या मातीच्या भांड्यांना मात्र बुडी लागत नाही.

बुडी द्यायची ती ‘मिकवे’ नावाच्या हौदात. त्याचं मूळ पाणी पावसाचं किंवा झऱ्याचं हवं. हंड्या-बादल्यांनी आणून ओतलेलं चालत नाही. ते किमान ४० ‘सेआ’ लागतं. हे जुनं माप आहे. आजच्या हिशेबाने ते निदान सव्वातीनशे लिटर भरतं, काही पंडित त्याहून बरंच जास्त धरतात. समुद्रही चालतो.

भांडं आधीच स्वच्छ असलं पाहिजे. किमतीची चिठ्ठी, तिच्याखालचा डिंक, गंज, सगळं काढायचं, कारण पाणी प्रत्येक जागी लागलं पाहिजे. मूठसुद्धा पाण्याखाली जायला हवी. धरणारा आधी स्वतःचा हात ओला करतो आणि भांडं सैल धरतो. बुडवताना छोटा आशीर्वाद म्हणतात. एक भांडं असेल तर एकवचन, अनेक असतील तर अनेकवचन. पाहा, व्याकरण इथेही सुटत नाही!

मग ही बुडी कशासाठी? मळ काढण्यासाठी नक्कीच नाही, तो तर आधीच निघालेला असतो. हा नियम बिगर-यहुदी माणसाने बनवलेल्या किंवा त्याच्याकडून विकत घेतलेल्या भांड्यांना लागतो. म्हणजे दुसऱ्याचं भांडं घाणेरडं असं म्हणायचं आहे का? नाही. शेजाऱ्याकडून उसनं आणलेलं भांडं बुडी न देताही वापरता येतं! भांडं आपलं झालं की मगच बुडी. यहुदी धर्म स्वीकारणारा माणूसही मिकवेत बुडी घेतो. तालमूदमध्ये जेवणाच्या मेजाची तुलना वेदीशी केली आहे. त्या मेजावर येणाऱ्या भांड्याचाही जणू नवा जन्म होतो.

१५६५ मध्ये व्हेनिस शहरात छापलेल्या ‘शुल्हान आरुख’ या नियमग्रंथात याची बारीकसारीक चर्चा आहे. शब्बाथच्या दिवशी बुडी देता येत नाही आणि भांडं तर लगेच हवं. मग काय करायचं? ते बिगर-यहुदी शेजाऱ्याला भेट द्यायचं आणि त्याच्याकडून उसनं घ्यायचं! पूर्वी बुडी न देता कोणी त्यात शिजवलं, तरी ते अन्न टाकून द्यावं लागत नाही. भांड्याला नंतर बुडी द्यायची.

तुमच्यासारख्या मुलांबद्दलही नियम आहे. “मी बुडी देऊन आलो,” असं लहान मुलाने नुसतं सांगितलेलं चालत नाही. पण मोठं माणूस पाहत असेल, तर मुलाने दिलेली बुडीही पूर्ण मानली जाते. मुलाला काम जरूर द्या, पण सोबत उभे राहा. पालकांनो, ही गोष्ट आपल्यालाही उपयोगी नाही का?

विजेच्या किटलीचं काय करायचं, यावर आजही पंडितांमध्ये मतभेद आहेत. काही म्हणतात, बुडी देऊन पूर्ण वाळवा. काही म्हणतात, यहुदी कारागिराकडून ती खोलून पुन्हा जोडून घ्या.

करून पाहा : स्टीलच्या पेल्याच्या तळाशी कागदाचा बोळा घट्ट बसवा. पेला उपडा, अगदी सरळ धरून बादलीतल्या पाण्यात बुडवा आणि तसाच वर काढा. कागद कोरडाच! आत अडकलेल्या हवेने पाणी अडवलं. आता पेला पाण्यातच तिरका करा. हवा बुडबुडे होऊन बाहेर पडेल आणि पाणी तळापर्यंत पोचेल. मग अरुंद तोंडाची बाटली मिकवेत कशी बुडवत असतील, ते तुम्हीच सांगा!