संगणकाचे रुसवे आणि त्यांवरील उपाय

मागील वार्षिकांकाची जुळवाजुळव चालू असतानाची गोष्ट. इयत्ता नववीतील एका विद्यार्थिनीने आपल्या आजीला धालोची गीते येतात असे सांगितले, तेव्हा ती अंकासाठी उतरवून घ्यावीत असे आम्ही सुचविले. आजीबाई रोज सायंकाळी नातीबरोबर शाळेत येत, संगणकाशेजारी बसून एकेक गीत सांगत आणि नात ते टंकलिखित करी. अठरा गीते झाली. पुढच्या सायंकाळी आणखी पाच गीते लिहून होतात न होतात तोच वीज गेली. वीज परत आल्यावर मुलीने संगणक सुरू केला, लिब्रेऑफिस उघडले, तो पडद्यावर इंग्रजी मजकुराची एक चौकट उभी राहिली. आपल्या हातून काहीतरी बिघडले असावे, अशा भीतीने तिने मजकूर न वाचताच त्यातील एक बटण दाबले. चौकट नाहीशी झाली आणि तिच्याबरोबर ती पाच गीतेही गेली. अपुरे राहिलेले लेखन राखून ठेवले आहे, ते परत हवे की टाकून द्यावे, एवढेच ती चौकट विचारीत होती. आणि दाबलेले बटण नेमके टाकून देण्याचे होते.

दुसऱ्या दिवशी आजीबाईंनी ती गीते पुन्हा सांगितली. परंतु एका गीताचा शेवट त्यांना काही केल्या आठवेना. मागच्या अंकात ते गीत अपुरेच छापले गेले आहे. "इंग्रजीत होते, सर, म्हणून मी वाचलेच नाही," असे मुलगी रडत म्हणाली. तिच्या या एका वाक्यामुळेच प्रस्तुत लेख लिहावा असे आम्हांस वाटले. आम्ही घरी कोंकणी बोलतो, शाळेत मराठी शिकवितो आणि संगणकशास्त्राची कोणतीही पदवी आमच्यापाशी नाही. तेव्हा येथे जे सांगावयाचे आहे ते तज्ज्ञाचे ज्ञान नव्हे. नित्य अडचणी सोसून आलेला अनुभव आहे.

प्रथम या लिब्रेऑफिसचा थोडा परिचय करून घेऊ. जर्मनीतील ल्यूनेबुर्ग या गावी मार्को ब्योरिस नावाच्या शाळकरी वयाच्या मुलाने १९८५ च्या सुमारास लेखनासाठी एक संगणक-प्रणाली तयार केली. तिचाच पुढे विस्तार झाला. १९९९ साली ती सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने विकत घेतली आणि २००० साली तिची मूळ संहिता सर्वांसाठी खुली केली. २०१० च्या सप्टेंबरात तिच्यासाठी झटणाऱ्या मंडळींनी डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था स्थापून 'लिब्रेऑफिस' या नावाने स्वतंत्र वाटचाल आरंभिली. 'लिब्रे' म्हणजे मुक्त. ही प्रणाली कोणीही विनामूल्य वापरावी, दुसऱ्यास द्यावी, तिची रचना अभ्यासावी, तीत सुधारणाही करावी, अशी मोकळीक तिच्या परवान्यातच आहे. आमच्यासारख्या मर्यादित साधनांच्या शाळेला हा मोठाच आधार आहे. मात्र फुकट मिळालेल्या वस्तूची निगा आपली आपणच राखावी लागते, हेही खरेच.

आता एकेक अडचण घेऊ.

पहिली अडचण वीज जाण्याची. लिब्रेऑफिस चालू लेखनाची नोंद मधूनमधून स्वतःपाशी करून ठेवते. ही नोंद किती मिनिटांनी व्हावी हे 'टूल्स' मेनूतील 'ऑप्शन्स'मध्ये, 'लोड/सेव्ह' या विभागात ठरविता येते. नेहमीचा काळ १० मिनिटांचा असतो; वीज वारंवार जात असेल तर तो ३ किंवा ५ मिनिटे करावा. प्रणाली अवेळी बंद पडल्यास पुढच्या वेळी पुनःप्राप्तीची चौकट येते. ती आली की घाबरू नये; 'रिकव्हर' या शब्दाचे बटण दाबावे आणि परत मिळालेला मजकूर लगेच जतन करावा. 'डिस्कार्ड' म्हणजे टाकून देणे, हा शब्द प्रत्येकाने पाठच करून ठेवावा. त्याच विभागात प्रत्येक वेळी राखीव प्रत ठेवण्याचीही सोय आहे. ती चालू केली म्हणजे फाईल जतन करताना तिची आधीची आवृत्ती निराळी राखली जाते. तथापि या सर्वांहून खात्रीचा उपाय म्हणजे कंट्रोल आणि एस या दोन कळा. एक परिच्छेद संपला की त्या दाबाव्यात. हा हाताचा गुण व्हावा.

दुसरी अडचण याच कुळातली. वीज गेल्यानंतर एखादी फाईल उघडू जाता, ती दुसरे कोणी वापरीत असल्याने केवळ वाचनासाठी उघडता येईल, असा निरोप येतो. आणि खोलीत तर आपल्यावाचून कोणीच नसते! दोघांनी एकाच वेळी एका फाईलमध्ये फेरफार करून घोटाळा करू नये, म्हणून लिब्रेऑफिस फाईल उघडताच तिच्याशेजारी एक छोटी, सहसा न दिसणारी कुलूप-फाईल ठेवते आणि काम संपताच ती काढून घेते. वीज गेली की कुलूप काढण्यास सवडच मिळत नाही. ती फाईल खरोखर दुसऱ्या कोणाच्या संगणकावर उघडी नाही याची आधी खातरजमा करावी. मग त्या फोल्डरमधील दडलेल्या फाईली दिसतील असे करून, टिंब, नागमोडी रेघ आणि 'लॉक' या शब्दाने सुरू होणाऱ्या नावाची फाईल तेवढी काढून टाकावी. मूळ लेखनास हात लावू नये.

तिसरी अडचण मराठी लिहिणाऱ्यांची खास आहे. एखादा जुना लेख उघडावा, तर देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन बाजार दिसतो. पुष्कळांना वाटते, फाईल बिघडली. ती बिघडलेली नसते. पूर्वीच्या अनेक फॉन्टांमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. म्हणजे फाईलमध्ये अक्षर रोमनच, त्यावर सोंग तेवढे देवनागरीचे! तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही तेथे सोंग उतरते आणि मूळ रूप उघडे पडते. युनिकोड या जागतिक संकेताने ही अडचण मुळातूनच दूर केली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीसाठी १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग राखलेला होता. त्यामुळे युनिकोडातील 'क' हा कोणत्याही फॉन्टात 'क'च राहतो. म्हणून जुन्या लेखाला नुसता नवा फॉन्ट लावून उपयोग होत नाही. मूळ फॉन्ट कोणता हे शोधून, त्याच फॉन्टासाठी असलेल्या परिवर्तकाने मजकूर युनिकोडात आणावा आणि नंतर तो मुळाशी ताडून मोठ्याने वाचावा. कारण परिवर्तनात रफार आणि जोडाक्षरे हमखास चुकतात.

याला लागूनच चौथी अडचण येते. मराठी वाक्यात इंग्रजी शब्द आला की अक्षरांचा आकार एकसारखा राहत नाही. याचे कारण असे की, लिब्रेऑफिस रोमन लिपीसाठी एक आणि देवनागरीसारख्या जोडाक्षरी लिप्यांसाठी दुसरा, असे दोन फॉन्ट व दोन आकार निरनिराळे धरून ठेवते. आपल्या लिपीला ते 'कॉम्प्लेक्स' म्हणजे गुंतागुंतीची म्हणते, त्यात अवमान नाही. 'कि' लिहिताना आपण आधी क आणि मग वेलांटी उमटवितो, पण वेलांटी दिसते ती क च्या आधी. ही मांडणी संगणकाला खरोखरच निराळी करावी लागते. 'ऑप्शन्स'मधील भाषांच्या विभागात जाऊन 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करावे, तेथे मराठी भाषा निवडावी आणि अक्षरांच्या चौकटीत दोन्ही लिप्यांचे फॉन्ट व आकार एकदाच ठरवून टाकावेत.

येथे शुद्धलेखनाचा एक मुद्दा सांगितल्यावाचून राहवत नाही. गोमंतकीयांच्या दारात 'दर्या' आहे आणि सह्याद्रीत 'दऱ्या' आहेत. पहिल्यात रफार, दुसऱ्यात अर्धा र. संगणकावर पहिला साधा र, पाय मोडण्याची कळ आणि मग या, असा लिहितात. दुसऱ्यासाठी मात्र खाली टिंब असलेला ऱ घ्यावा लागतो. भारत सरकारने प्रमाण ठरविलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर तो शिफ्ट आणि जे या कळांनी उमटतो. एवढे ठाऊक नसल्याने कितीतरी लेखांत सह्याद्रीच्या कुशीत समुद्र शिरलेला आम्ही पाहिला आहे!

पाचवी अडचण गुणपत्रकाची. कॅल्क या हिशेबाच्या भागात चाळीस मुलांचे गुण मांडले, बेरजेचे सूत्र लावले, आणि उत्तर कमी आले. सूत्र पुन्हा पुन्हा तपासून आमचा एक तास गेला. अखेर कळले की काही घरांतील आकडे संगणकाच्या लेखी आकडे नव्हतेच. ती अक्षरे होती. अन्य ठिकाणाहून उचलून आणलेल्या मजकुरात असे फार घडते, आणि बेरीज अशा घरांना खुशाल वगळते. ओळखण्याची खूण सोपी आहे: आपण मांडणी बदललेली नसेल तर आकडा घराच्या उजव्या कडेला टेकतो, अक्षरे डाव्या कडेला. शिवाय कंट्रोल आणि एफ ८ या कळा एकदम दाबल्यास आकडे निळे, सूत्रे हिरवी आणि अक्षरे काळी दिसतात. मग तो स्तंभ निवडून त्याचे स्वरूप संख्येचे करावे आणि 'डेटा' मेनूतील 'टेक्स्ट टू कॉलम्स' ही आज्ञा द्यावी. याउलट हजेरी क्रमांक ०७ लिहिला की तो नुसता ७ होतो, ही तक्रार असेल तर तेथे स्तंभाचे स्वरूप आधीच अक्षरांचे करून ठेवावे. एके ठिकाणचा दोष दुसरीकडे उपाय ठरतो, तो असा. आणि घरात नुसत्या फुल्याफुल्यांसारख्या खुणा दिसल्या तर काहीच बिघडलेले नाही. स्तंभ अरुंद आहे, त्याची कड ओढून रुंद करावी.

सहावी अडचण छापखान्याची. येथे नेटकी दिसणारी पाने तेथे विस्कटतात, बारा पानांची तेरा होतात. तेथील संगणकावर आपला फॉन्ट नसतो आणि दुसरा त्याची जागा घेतो, हे त्याचे नेहमीचे कारण. लिब्रेऑफिसची स्वतःची फाईल द्यावयाची तर 'फाईल' मेनूतील 'प्रॉपर्टीज'मध्ये फॉन्ट लेखनाबरोबरच बांधून देण्याची सोय आहे. छपाईसाठी मात्र पीडीएफ करूनच द्यावे. तीत पानांची मांडणी जशीच्या तशी राहते.

सातवी आणि शेवटची अडचण म्हणजे प्रणालीच नीट उघडत नाही, किंवा उघडताच मिटते. अशा वेळी ती काढून पुन्हा बसविण्याची घाई होते. बहुधा दोष प्रणालीत नसून आपण केलेल्या निवडी ज्या फोल्डरात साठतात तेथे असतो. 'हेल्प' मेनूतून, आणि तेही न उघडल्यास विंडोजच्या प्रारंभसूचीतून, 'सेफ मोड'ने प्रणाली सुरू करावी. तशी ती नीट चालली तर दोष आपल्या निवडींत किंवा वरून जोडलेल्या एखाद्या विस्तारात आहे, हे निश्चित झाले. मग त्या निवडी मूळपदावर आणाव्यात. त्यांत आपली लेखने नसतात. ती सुरक्षित राहतात.

या सात अडचणींतून चार नियम हाती येतात. कोणताही उपाय करण्यापूर्वी मूळ फाईलची प्रत काढून निराळी ठेवावी. पडद्यावरचा निरोप शेवटच्या शब्दापर्यंत वाचावा. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. दोन बदलल्या तर गुण कशाने आला हे कळत नाही. आणि जे सापडले ते लिहून ठेवावे. वैद्याने आधी नाडी पाहावी, मग मात्रा द्यावी, तसेच हे आहे.

राहता राहिला इंग्रजीचा प्रश्न. लिब्रेऑफिसचे मेनू मराठीत आणि कोंकणीतही करून घेता येतात. भाषांतर सर्वत्र पुरे नाही, तरी नवख्याला त्याचा धीर येतो. पण खरे सांगावयाचे तर या निरोपांतील इंग्रजी शब्द फार थोडे आहेत आणि तेच तेच फिरून येतात. तीस-चाळीस शब्द कळले की भीतीचे कारण उरत नाही. मराठी माध्यमात शिकलो म्हणून संगणक आपला नाही, ही समजूत मात्र घातक आहे. त्या सायंकाळी गीत गेले ते विजेमुळे नव्हे, आणि इंग्रजीमुळेही नव्हे. वाचण्याआधीच हार मानल्यामुळे गेले.

यंदा आमच्या संगणक-कक्षात एक जाड वही ठेवली आहे. पडद्यावर निरोप आला की तो तीत जसाच्या तसा उतरावयाचा, शेजारी त्याचा मराठी अर्थ, खाली कारण आणि उपाय. पहिली नोंद त्याच मुलीच्या हातची आहे: 'रिकव्हर' म्हणजे परत मिळविणे, 'डिस्कार्ड' म्हणजे टाकून देणे. पालकांनी व विद्यार्थ्यांनी ही वही अवश्य चाळावी आणि आपल्या अनुभवाची भर तीत घालावी. आणि कोणाच्या घरी धालो म्हणणारी वडीलधारी बाई असेल, तर मागच्या अंकातील ते अपुरे गीत तिला एकदा वाचून दाखवावे. त्याचा शेवट कोणाला येत असल्यास आम्हांस तो हवा आहे.