गाडी गिऱ्हाईकाची, कुलूप कंपनीचे!

इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखणारे मिस्त्री कुर्ल्यात, भिवंडीत, मालेगावात आजही आहेत. उस्तादाच्या हाताखाली पाच-सात वर्षे काळे हात करून हा हुन्नर येतो. या हुन्नरावर आपली हजारो घरे चालतात. पण आता बॉनेट उघडले की पाना-पकडीच्या आधी संगणक लागतो, आणि तिथेच मिस्त्रीचे काम अडते.

आजची मोटार निम्मी लोखंडाची, निम्मी संगणकाची. दोष काय आहे ते गाडीच सांकेतिक आकड्यात सांगते. हा आकडा वाचणारे साधे स्कॅनर बाजारात मिळते. पण अनेक गाड्यांत नवा भाग बसवल्यावर त्याची ओळख गाडीला करून द्यावी लागते, आणि त्यासाठी कंपनीचेच सॉफ्टवेअर हवे असते. ते मिस्त्रीला दिले नाही, तर दोष समजूनही गाडी शोरूमला पाठवावी लागते. मजुरी मिस्त्रीची बुडते आणि जादा बिल गिऱ्हाईक भरतो.

एका तक्रारीतून उठलेले वादळ

हा प्रश्न आपल्या देशात चव्हाट्यावर आला तो एका ग्राहकामुळे. २०११ मध्ये त्याने तीन मोटार कंपन्यांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. अस्सल सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने खुल्या बाजारात मिळत नाहीत, म्हणून गाडीवाल्याला अधिकृत सर्व्हिस सेंटरखेरीज वाट उरत नाही, असे त्याचे म्हणणे होते. चौकशीची व्याप्ती वाढत गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा कंपन्यांना दोषी ठरवून एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. मारुती सुझुकी, टाटा मोटर्स, महिंद्र अशी बडी नावे त्यात होती.

कंपन्यांनी बाजू मांडली ती अशी : सुट्या भागांची रचना ही आमची बौद्धिक मालमत्ता आहे, बाहेरचे मिस्त्री शिकलेले नसतात, बाजारात नकली माल फार आहे, म्हणून ग्राहकाच्या सुरक्षिततेसाठी हे बंधन हवे. यातला नकली मालाचा मुद्दा खोटा नाही, हे आपणही कबूल केले पाहिजे. पण नकली माल फोफावतो तो अस्सल माल दुकानात मिळत नाही म्हणूनच. कंपनीला भाग बनवून देणारा कारखानदार तोच भाग बाजारात विकायला मोकळा नसेल, तर छोट्या गॅरेजवाल्याने अस्सल माल आणायचा कुठून?

आदेशात आपल्या कामाचे काय?

दंडाचा आकडा वर्तमानपत्रांत गाजला. मिस्त्रीच्या खऱ्या उपयोगाच्या गोष्टी मात्र मागे राहिल्या. आयोगाने कंपन्यांना बजावले की, सुटे भाग व तपासणीची साधने सहज मिळतील अशी व्यवस्था करा आणि स्वतंत्र गॅरेजांच्या कामात आडकाठी आणू नका. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. फी घेऊन प्रशिक्षण आणि दाखला देण्याची सोय करावी, असेही सुचवले होते.

पुढे प्रकरण अपिलात गेले. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दाद मागणाऱ्या तीन कंपन्यांवरील ठपका कायम ठेवला, पण दंड केवळ सुट्या भागांच्या उलाढालीवर मोजावा असे सांगून तो बराच उतरवला. कोर्टकचेऱ्या लांबत गेल्या आणि गॅरेजच्या दारात फारसा फरक दिसला नाही.

इतर देशांत

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात हा प्रश्न थेट मतपेटीत गेला. २०१२ मध्ये तिथल्या मतदारांनी प्रचंड बहुमताने गॅरेजवाल्यांच्या बाजूने कौल दिला. २०२० मध्ये गाडीतून बिनतारी जाणाऱ्या माहितीवर पुन्हा मतदान झाले. त्या वेळी विरोधकांनी जाहिरातींतून भीती घातली की, ही माहिती खुली झाली तर गुंड तुमच्या घरापर्यंत पोहोचतील. तरीही सुमारे तीन-चतुर्थांश मतदारांनी गॅरेजवाल्यांनाच साथ दिली. फ्रान्समध्ये २०२१ मध्ये मोबाईल, वॉशिंग मशीन अशा काही वस्तूंवर, दुरुस्तीला त्या किती सोप्या आहेत याचे दहापैकी गुण छापण्याची सक्ती झाली.

आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे आणि मोटारी हे चार विभाग तिने हाती घेतले. म्हणजे मोबाईल दुरुस्त करणारा तरुण, ट्रॅक्टरचा फिटर आणि फ्रीजचा कारागीर यांचे दुखणे एकच आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सरकारने कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एका ठिकाणी देणारे पोर्टल सुरू केले.

आपण काय करावे?

सरकारकडे व न्यायालयाकडे बोट दाखवून आपली जबाबदारी संपत नाही. ‘बाहेरचा मिस्त्री भरवशाचा नाही’ हा कंपन्यांचा मुख्य युक्तिवाद आहे, आणि त्याला उत्तर आपल्या कामातूनच द्यावे लागेल. प्रत्येक कामाचे पक्के बिल द्यावे. भाग अस्सल, स्थानिक की जुना, हे त्यावर लिहावे. काढलेला भाग गिऱ्हाईकाच्या हाती परत द्यावा. केलेल्या कामाची ठरावीक मुदतीची हमी लेखी द्यावी. एकट्याला महागडा स्कॅनर परवडत नसेल, तर एका गल्लीतील चार-पाच गॅरेजांनी वर्गणी काढून तो घ्यावा आणि शिकलेल्या एखाद्या मुलाला त्यात तयार करावे.

गिऱ्हाईकालाही जागे करावे. बाहेर काम केले म्हणून वॉरंटी नाकारली गेली, तर कारण लेखी मागा असे त्याला सांगावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक गॅरेजच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला, तर खर्च काहीच नाही.

या वादात मिस्त्री आणि गिऱ्हाईक एकाच बाजूला आहेत. २०११ ची तक्रार कोणा गॅरेज संघटनेने केलेली नव्हती, एका गाडीमालकाने केली होती. गिऱ्हाईकाचा भरवसा आपण टिकवला, तर पुढची तक्रार करायलाही तोच आपल्यासोबत उभा राहील.