व्हिक्टोरियन गृहसेवकांचे वाचन : साक्ष कोणाची?

ब्रिटनमधील १८५१ च्या जनगणनेत शेतीखालोखाल सर्वांत मोठा व्यवसाय घरगुती चाकरीचा होता. हा अफाट वर्ग काय वाचीत असे, याविषयीची साक्ष मात्र बहुतांशी धन्यांच्या लेखणीतून उतरलेली आहे. ती जशीच्या तशी स्वीकारणे इष्ट नव्हे.

१८४० साली कूर्व्हाझिए नामक खासगी नोकराने आपले धनी लॉर्ड विल्यम रसेल यांचा खून केला. एन्स्वर्थच्या ‘जॅक शेपर्ड’ या कादंबरीवरून ही कल्पना सुचल्याचे त्याने सांगितले, असे वृत्त प्रसिद्ध झाले. एन्स्वर्थने ते नाकारले. खरेखोटे काहीही असो, नोकराच्या हाती कादंबरी पडणे घातक, असे मानणाऱ्यांना एक उदाहरण मिळाले. त्यांच्या मते सेवकाला बायबल व धर्मपर पुस्तिका पुरेशा होत्या. कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी धनी मोठ्याने वाचीत आणि सेवक ऐकत. हेही एक प्रकारचे वाचनच, पण निवड दुसऱ्याची.

साक्षरतेचे आकडेही जपूनच वापरावयास हवेत. १८४१ मध्ये इंग्लंड व वेल्समधील सुमारे निम्म्या वधूंनी विवाहाच्या नोंदवहीत सहीऐवजी फुली केली. १९०० मध्ये हे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास आले. परंतु शाळांतून वाचन आधी व लेखन मागाहून शिकविण्याची रीत जुनी होती. तेव्हा फुली करणाऱ्या मोलकरणीला छापील मजकूर वाचता येत नव्हता, असे अनुमान त्यावरून निघत नाही.

१८५८ साली विल्की कॉलिन्सने एका पेनीला मिळणाऱ्या साप्ताहिकांचा वाचकवर्ग तीस लाखांचा असल्याचा अंदाज बांधला. त्यांतील ‘वाचकांस उत्तरे’ या सदरांची त्याने यथेच्छ थट्टा केली. अभ्यासकाला मात्र तीच सदरे मोलाची आहेत. त्यांत बहुधा उत्तरेच छापीत. प्रश्न तर्काने जुळवावे लागतात. शिष्टाचार, विवाह, औषध यांजबरोबर पत्रलेखकाच्या हस्ताक्षरावरही अभिप्राय आढळतो. वाचणारी व्यक्ती लिहू लागली होती, याचा हा पुरावा. अर्थात तीत मोलकरणी किती, हे सदर सांगत नाही.

स्वतः मोलकरणीने लिहिलेला विस्तृत पुरावा म्हणजे हॅना कलविक हिच्या दैनंदिन्या. त्यांतही अडचण आहेच. त्या तिने आर्थर मन्बी या सुशिक्षित गृहस्थाच्या आग्रहावरून लिहिल्या, आणि त्यांचा पहिला वाचकही तोच होता. १८७३ साली त्यांनी गुप्तपणे विवाह केला. तरी घरात ती मोलकरीण म्हणूनच वावरत असे.