चहाचं झाड इथलंच

“चहा काय, इंग्रजांनी आणला!” चहाचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी टाकतंच आणि बाकीचे माना डोलावतात. वाक्य इतकं फिरलंय की तपासून बघावं असं कुणाला वाटतच नाही. खरं तर यात तीन गोष्टींची सरमिसळ आहे: झाड, मळे आणि सवय.

झाड इथे आधीपासून होतं. वरच्या आसामात ते रानात वाढत होतं आणि तिथले सिंगफो लोक त्याची पानं वापरत होते. पानं परतायची, उन्हात वाळवायची, बांबूच्या नळकांड्यात ठासून भरायची आणि चुलीच्या धुरावर ठेवायची. घट्ट झालेल्या कांडीचे काप काढून पाण्यात घालायचे. दूध नाही, साखर नाही. हा ‘फालाप’ ते आजही करतात. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश माणसाला हे झाड कळलं ते सिंगफो प्रमुख बीसा गाम यांच्याकडून, आणि त्यांच्याशी ब्रूसची गाठ घालून दिली मणिराम दिवाण यांनी. कंपनी सरकारच्या चहा समितीने डिसेंबर १८३४ मध्ये हे झाड आसामचंच असल्याचं लिहून दिलं. साहेबाने लेखी मान्य केलेली गोष्ट आपण किती दिवस नाकारणार?

चीनहून बी-रोपं आणली गेली आणि दार्जिलिंगला ती रुजली, हे खरं. पण आसामच्या मळ्यांत शेवटी इथल्याच मोठ्या पानाच्या जातीने बाजी मारली.

इंग्रजांनी उभे केले ते मळे आणि बाजार. जानेवारी १८३९ मध्ये आसामच्या चहाच्या ८ पेट्यांचा लंडनमध्ये लिलाव झाला. पुढे मणिराम दिवाणांनीही स्वतःचे मळे काढले. १८५७ च्या उठावाच्या कटात सामील म्हणून १८५८ मध्ये त्यांना जोरहाटला फाशी दिलं गेलं. ‘इंग्रजांनी आणला’ या दोन शब्दांत ही सगळी माणसं पुसली जातात, याची मला चीड येते.

घरोघरची सवय मात्र विसाव्या शतकातली, चहा-उद्योगाने जाहिराती करून, स्टेशनांवर आणि गिरण्यांत कप वाटून लावलेली. त्यामुळे ‘आपल्या पूर्वजांचं हजारो वर्षांचं पेय’ हा दावाही टिकत नाही.

आता बाकीचे समज.

ग्रीन टीचं झाड वेगळं असतं: नाही. झाड एकच, खुडलेल्या पानाला लगेच उष्णता दिली की हिरवा, हवेशी प्रक्रिया होऊ दिली की काळा.

डस्ट म्हणजे कारखान्यातला केर: नाही. चाळणीवर ठरणारी ती बारीक दाण्याची प्रत आहे.

चहाने मुलं काळी पडतात: कातडीचा रंग मेलॅनिनवर ठरतो. मुलांना चहा देऊ नये, पण ते कॅफीनमुळे.

जेवणावर चहा घेतला की पचतं: उलट चहातली टॅनिन अन्नातलं लोह नीट अंगी लागू देत नाहीत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शक तत्त्वांनुसार जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा टाळावा. घरात कुणाचं हिमोग्लोबिन कमी असेल, तर हे आजपासूनच पाळा.