‘झोप लागते का, दादा?’
जालना जिल्ह्यातल्या मानसिक आरोग्यसेवेच्या वीस वर्षांचा मागोवा

जालन्याहून येरवडा साधारण तीनशे किलोमीटर. घरातला माणूस रात्रंदिवस बडबडू लागला, ओळख विसरला, अंगावर धावून येऊ लागला, की मंठ्याच्या किंवा घनसावंगीच्या कुटुंबापुढे सरकारी मनोरुग्णालयाची वाट होती ती एवढी लांब. राज्यात अशी मोठी रुग्णालये चार: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांना स्वतःचे एकही नव्हते. न्यायचे तर जीप ठरवायची, दोन दणकट नातेवाईक सोबत घ्यायचे, मजुरी बुडवायची. पुढे भेटायला जायचे तर पुन्हा तेवढाच खर्च.

त्यापेक्षा जवळची वाट देवाची होती. भोकरदन तालुक्यातले जाळीचा देव हे महानुभाव पंथाचे श्रद्धास्थान. तिथून पुढे बुलढाणा जिल्ह्यात सैलानी बाबांचा दर्गा. ‘बाहेरचं झालंय’ असे ज्याच्याबद्दल घरात ठरते, त्याला या ठिकाणी आणतात, आणि त्यात हिंदू-मुसलमान हा भेद आड येत नाही. याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण अशा ठिकाणी आजारी माणसाबरोबर त्याचे कुटुंबही राहू शकते, कुणी नावे ठेवत नाही, आणि शेजारच्या झाडाखाली तसेच दुःख घेऊन आलेले दुसरे कुटुंब बसलेले असते. दवाखान्यात नेमका हाच आधार मिळत नव्हता.

श्रद्धास्थानांवर सारे आलबेल होते असेही नाही. ऑगस्ट २००१ मध्ये तामिळनाडूतल्या एरवाडी या दर्ग्याच्या गावी आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून गेले. त्यानंतर माणसाला बांधून ठेवण्याचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात पोचला. महाराष्ट्रात डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बांधून ठेवणे हा गुन्हा ठरला. गुजरातेत मीरा दातार दर्ग्यावर दुसरा मार्ग काढला गेला होता. तिथे दर्ग्याच्या मुजावरांशी बोलून आवारातच मनोविकारतज्ज्ञांची तपासणी सुरू झाली. नाव ठेवले ‘दवा-दुआ’. समुपदेशन करणाऱ्यांना त्यातून मोलाची गोष्ट शिकता येते: कुटुंबाची श्रद्धा न दुखावताही औषध सुरू करता येते.

मराठवाड्यात मनाच्या दुखण्याची सार्वजनिक चर्चा सुरू झाली ती मात्र शेतकरी आत्महत्यांमुळे. मुंबई उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पाहणी केली आणि मार्च २००५ मध्ये अहवाल दिला. जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत ठरली. त्यातले ३० हजार रोख, ७० हजार ठेवीत. मदत मिळायची तर प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागे. जमीन नावावर होती का, कर्ज मान्यताप्राप्त होते का, वसुलीचा तगादा होता का, याची कागदे तपासली जात. गेलेला माणूस शेवटचे महिने कसा जगत होता, त्याला झोप लागत होती का, तो कुणाशी बोलत होता का, हे विचारणारा रकाना त्या फाइलीत नव्हता.

मग २०१२-१३ चा दुष्काळ आला. जालन्याची ओळख असलेल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. मोसंबीचे झाड लावल्यावर फळावर यायला चार-पाच वर्षे लागतात. म्हणजे वाळलेल्या बागेबरोबर कुटुंबाची तेवढ्या वर्षांची मशागत आणि तेवढेच कर्ज मातीत गेले. ज्यांनी टँकरने पाणी घालून झाडे जगवली, त्यांच्या डोक्यावर टँकरचाही बोजा चढला.

पुढे २०१५ मध्ये सार्वजनिक आरोग्य विभागाने ‘प्रेरणा प्रकल्प’ हाती घेतला. मराठवाड्यातले आठही आणि विदर्भातले सहा असे १४ जिल्हे त्यात होते; जालना त्यातलाच एक. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, मनोविकार परिचारिका आणि मनोविकार सामाजिक कार्यकर्ता, गावात आशा कार्यकर्ती आणि फोनवर १०४ क्रमांकाची सेवा, अशी ही साखळी. गरोदर बाईची नोंद आणि बाळाची लस यांसाठी ज्या घरात आशाताई जातच होत्या, तिथेच त्या आता आणखी काही प्रश्न विचारू लागल्या. झोप लागते का, दादा? जेवण जातं का? कामात मन लागतं का? जगावंसं वाटत नाही, असं कधी मनात येतं का?

शेवटचा प्रश्न विचारायला जीभ अडखळते. विचारल्याने उलट तो विचार डोक्यात भरेल, अशी भीती सगळ्यांनाच वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही, हे प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा सांगावे लागते. गावात ‘नैराश्य’ हा शब्द कुणी वापरत नाही. ‘टेन्शन हाय’, ‘जीव घाबरतो’, ‘डोकं धरतं’, ‘नुसते इचार येतात’ असे लोक सांगतात. हे बोलणे ओळखता येणे हीच समुपदेशनाची पहिली पायरी.

दुसऱ्या पायरीवर सामाजिक कार्यकर्त्याचे काम सुरू होते, आणि त्याची फारशी वाच्यता होत नाही. गोळ्यांनी झोप लागेल, पण सावकार उद्याही दारात येणार असतो. म्हणून हा कार्यकर्ता पीकविम्याचा अर्ज कुठे अडला ते पाहतो, बँकेत कर्जाचे पुनर्गठन होईल का ते विचारतो, अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी तारीख मिळवतो, दारू सुटावी म्हणून घरच्यांशी बोलतो, कीटकनाशकाचे डबे घरात न ठेवता कुलुपात ठेवायला सांगतो. माणूस गेलाच असेल, तर मागे राहिलेल्या बाईचे काम उरतेच. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत अशा ५०५ महिलांशी बोलून पाहिले. त्यातल्या ४० टक्के महिलांच्या नावावर शेतजमीन झालेली नव्हती. राहत्या घराचा हक्क मिळाला होता फक्त ३५ टक्क्यांना. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईला नुसते ‘धीर धरा’ म्हणून कसे भागणार?

अशा गावपातळीवरच्या कामाचा उपयोग होतो का, याचे उत्तर शेजारच्या विदर्भाने दिले. ‘संगाथ’ संस्थेच्या ‘विश्राम’ कार्यक्रमात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत गावच्याच माणसांना प्रशिक्षण देऊन घरोघर पाठवले गेले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण आधी ४.३ टक्के होते, ते पुढच्या पाहणीत २७.२ टक्के आढळले. आत्महत्येचा विचार मनात आल्याचे सांगणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य-चिंतेसारखे सामान्य मनोविकार असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांना उपचारच मिळत नसल्याचे दिसले होते. त्या पार्श्वभूमीवर तीस गावांतले हे आकडे वाचले की त्यांचे मोल कळते.

२०१७ मध्येच मानसिक आरोग्यसेवा कायदा आला आणि मे २०१८ पासून लागू झाला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे, त्याला शिक्षा न करता उपचार व पुनर्वसन द्यावे, असे या कायद्याने सांगितले. त्यामुळे तालुक्याच्या दवाखान्यात आणलेल्या माणसाच्या घरच्यांना पोलिसांच्या धाकाने खरे लपवण्याचे कारण उरले नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेलिमानस’ ही सेवा सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक फिरवला की मोफत आणि मराठीतून बोलता येते. ज्या गावात दवाखान्याची पायरी चढताना चार जण बघतात, तिथे शेताच्या बांधावरून करता येणारा फोन हा मोठा आडोसा आहे.

आता आकड्यांकडे पाहावे लागते. विभागीय आयुक्तालयाच्या नोंदीनुसार २०२३ मध्ये मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या; जालना जिल्ह्यात ७४. म्हणजे वीस वर्षांच्या खटपटीनंतरही दर पाच दिवसांनी एक घर उघडे पडत होते. समुपदेशनाने पाऊस पडत नाही आणि सोयाबीनचा भावही वाढत नाही; त्याची जबाबदारी आशाताईंच्या खांद्यावर टाकता येणार नाही. त्या स्वतःच मानधनावर राबतात आणि त्यात वाढ मिळावी म्हणून २०२३-२४ मध्ये राज्यभरच्या आशांना संपावर जावे लागले. दुसऱ्याच्या घरात जाऊन ‘झोप लागते का’ विचारणाऱ्या बाईच्या झोपेची काळजीही व्यवस्थेने घ्यायला हवी.

२०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जालन्यात ३६५ खाटांच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला मंजुरी दिली. मराठवाड्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. मनोरुग्णालयाची वाट त्याने बरीच जवळ येईल. पण खाटेवरचा माणूस कधीतरी बरा होऊन परतूरच्या एसटीत बसतो. गावी पोचल्यावर त्याच्या पुढच्या महिन्याच्या गोळ्या ग्रामीण रुग्णालयात शिल्लक आहेत का, भावकी त्याला पुन्हा औत हाती देते का, त्याच्या बायकोला कुणाला फोन करायचा ते माहीत आहे का, हे रुग्णालयाच्या आवारातून दिसत नाही. त्यासाठी कुणीतरी त्याच्या ओसरीवर जाऊन बसावे लागते. जिल्हा रुग्णालयातल्या सामाजिक कार्यकर्त्याकडे अशा घरांची यादी असते. त्या कामाला गाडी, डिझेल आणि कायमची नेमणूक मिळावी, ही मागणी इमारतीच्या निधीइतकीच तातडीची आहे.